बंद पडलं की बंद केलं?

मावशीने बसण्याआधी खुर्च्या मोजल्या. सवय आहे तिची. बँकेतून व्हीआरएस घेऊन नौपाड्यात पंधरा वर्षं अकरा टेबलांचं उपाहारगृह चालवलेली बाई कुठल्याही हॉटेलात शिरली की आधी खुर्च्या बघते, मग पंखे, मग गल्ल्यावर कोण बसलंय ते. मेन्यू सगळ्यात शेवटी. मामा तोवर भिंतीला पाठ लावून, रस्त्याकडे तोंड करून बसलासुद्धा होता.

धोबीतलावचं इराणी हॉटेल कयानी, दुपारचे साडेतीन. मामा अठ्ठ्याहत्तरचा, मावशी त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. मी दोघांचा भाचा, बिल भरण्यापुरता आलेला.

“तिथे समोर बस्तानी होतं,” मामा म्हणाला.

“दर वेळी सांगतोस.”

“2004 साली बंद पडलं.”

“बंद पडलं की बंद केलं?”

“तेच ते.”

“तेच कसं? घड्याळ बंद पडतं, दादा. हॉटेल कुणीतरी बंद करतं. शेवटच्या दिवशी कुलूप लावणारा एक हात असतो.”

या एका क्रियापदावरून पुढचे दोन तास गेले.

मामा गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होता. खिळे जुळवून जुळवून बोटं काळी झाली की संध्याकाळी बस्तानी. साहित्य संघात नाटक असलं तर नाटकाआधी बस्तानी, मेट्रोला सिनेमा असला तर सिनेमानंतर बस्तानी. तो सांगायला लागला की ब्रून चहात बुडवल्यावर मस्क्याचे पिवळे थेंब वर कसे तरंगत, हेसुद्धा ऐकावं लागतं. संगमरवरी टेबलं, काळ्या लाकडाच्या वाकवलेल्या पाठीच्या खुर्च्या, भिंतभर आरसे. आणि पाट्या. आरशात बघून केस विंचरायला मनाई, पाय वर घ्यायला मनाई, रेंगाळायला मनाई. निसीम इझिकेल यांनी इराण्याच्या असल्या सूचनांवर इंग्रजीत कविता केली, ती बस्तानीच्याच पाटीवरून, असं सांगतात. मामाला ही कविता पाठ नाही, पण तिचा अभिमान मात्र घरच्या लग्नाचा असावा तसा आहे.

“रेंगाळू नका अशी पाटी होती ना?” मावशीने विचारलं. “मग तू काय करायचास तिथे दोन-दोन तास?”

“पाटी सगळ्यांनाच होती. उठवलं कुणालाच नाही.”

“म्हणजे मालकाला तू नको होतास. भिडस्त होता म्हणून बोलला नाही.”

“भिडस्त? इराणी? अगं, उरलेले सुटे पैसे टेबलावर आपटायचा तो!”

चहा आला. मामाने बशीत ओतला. मावशीने कप उचलून तळाला चीर आहे का ते पाहिलं, मग प्यायली.

इराणी आले कुठून, हा मामाचा आवडता अध्याय. पारशी आधीचे, शेकडो वर्षांपूर्वी आलेले. हे नंतरचे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला, यझ्द आणि केरमान भागातून आलेले झरतुष्ट्री. तिकडे काजार राजवटीत त्यांच्यावर जिझिया होता. मुंबईच्या पारशांनी 1854 मध्ये माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणला धाडलं, त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली, तेव्हा कुठे 1882 मध्ये तो कर उठला. मधल्या काळात, 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला, तिकडे भीषण दुष्काळ पडला. मुंबईत आलेल्यांनी चहा विकायला घेतला. त्यांच्यामागून इराणी मुसलमानही याच धंद्यात उतरले. पुण्याचं डेक्कनवरचं गुडलक, 1935 चं, त्यांच्यातलंच. हे कयानी 1904 चं, ग्रँट रोडचं मेरवान 1914 चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया 1923 चं.

“आणि कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानत, म्हणून ती यांना स्वस्तात मिळाली,” मामाने पुढचं वाक्य घेतलं.

“हे मला कधीच पटलेलं नाही. कोपऱ्यावर दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक येतं, दोन्ही बाजूंनी उजेड येतो, वारा येतो. त्यांना धंदा कळत होता एवढंच. शकुन-अपशकुनाची गोष्ट आपण नंतर रचली असेल, आपल्या बापजाद्यांनी जागा का सोडली ते सांगायला.”

मला हे पटलं. पण मामाकडे बघून मी खारी मोडत राहिलो.

एके काळी मुंबईत साडेतीनशेच्या घरात इराणी होते, असा आकडा नेहमी दिला जातो. आता मोजायला बसलं तर दोन-तीन डझनांत संपतात. का संपले, यावर मामाचं उत्तर तयार असतं: लोक बदलले, घाई वाढली, बिल्डर आले. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगारांच्या पाळ्या थांबल्या आणि लालबाग-परळच्या इराण्यांत पहाटे येणारं गिऱ्हाईकच संपलं. त्याआधी उडुप्यांनी इडली-डोसा आणला, निम्म्या वेळात टेबल रिकामं व्हायला लागलं. दादर स्टेशनबाहेर वडापाव आला, त्याला तर टेबलच लागत नाही.

“सगळं खरं,” मावशी म्हणाली, “पण तू एक सांगत नाहीस. भाडं.”

“भाडं काय?”

आता ती बँकेतल्या खुर्चीत बसल्यासारखी ताठ झाली. “1947 चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा. त्याने प्रमाण भाडं बांधलं ते 1 सप्टेंबर 1940 च्या आकड्याला. महायुद्ध संपलं, स्वातंत्र्य मिळालं, संयुक्त महाराष्ट्र झाला, भाडं जवळजवळ तिथेच. 1999 चा नवा कायदा आला तेव्हा वर्षाला चार टक्के वाढ मिळायला लागली. दादा, चहाचे पैसे तू देत होतास. खुर्चीचे कोण देत होतं?”

मामा गप्प.

“घरमालक देत होता. त्याने बिल्डिंगची डागडुजी सोडली, कारण त्याला येत होतं त्यात गिलावासुद्धा होत नव्हता. आणि इराणी देत होता. भावाचा मुलगा, गावाहून आणलेला पोरगा, सगळे मागच्या खोलीत झोपायचे. पगार कुणाला किती, ते कुणी विचारायचं नाही. आपल्या वेळच्या सगळ्या स्वस्ताईच्या मागे असा कुणीतरी मागच्या खोलीत झोपलेला असतो.”

“मग शहराने द्यायला नको?” मामा एकदम उसळला. “बागेत बसायचे पैसे घेतात का? वाचनालयात पंख्याचं बिल लावतात का? दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण राहायचो आपण. माणसाला बसायला जागा कुठे होती? इराण्याने ती दिली. भाडं गोठलं म्हणून दिली असेल, पण दिली ना?”

“बाग महापालिका चालवते. हॉटेल माणूस चालवतो. पहाटे चारला उठून.”

इथे दोघंही थोडा वेळ बोलले नाहीत. शेजारच्या टेबलावर कॉलेजातली चार मुलं एका आकुरीत चार पाव बुडवत होती. मावशीची नजर तिकडे गेली आणि मला कळलं, ती मनात त्यांचं बिल करते आहे.

भागीदारीची गोष्ट तिने सांगितली ती मला नवी होती. बऱ्याच इराण्यांत तीन-चार भागीदार असत आणि गल्ल्यावर पाळीपाळीने बसत. या महिन्याचा नफा-तोटा याचा, पुढच्या महिन्याचा त्याचा. पहिल्या पिढीत हे चालून गेलं, कारण सगळे एका गावचे. दुसऱ्या पिढीत प्रत्येकाची मुलं वाटेकरी झाली, तिसरीत नातवंडं. “आता तुझ्या चहाच्या कपात पंधरा वारस,” ती म्हणाली. “त्यातला एक कॅनडात, एक डॉक्टर, एक भट्टीशी बसायला तयार, पण बाकीच्यांना वाटा हवा. आणि जागा पगडीची. हक्क दुसऱ्याच्या नावे करताना घरमालकाला साधारण तिसरा हिस्सा दिला तरी हातात जे उरतं, ते चहा विकून तीन पिढ्यांत मिळालेलं नसतं. तू असतास तर काय केलं असतंस?”

“मी चालवलं असतं.”

“तू?” मावशी इतक्या जोरात हसली की मुलांनी मान वळवली. “घरात दूध उतू गेलं तर वहिनीला हाक मारणारा तू!”

मामाही हसला. पण मला तो हरलेला वाटला नाही. तो मूळ मुद्द्याला वळसा घालत होता. आणि मावशीने त्याला आणखी कोंडीत पकडलं.

“2014 मध्ये मेरवान बंद होणार अशी बातमी आली होती. तेव्हा काय केलंस?”

“गेलो होतो.”

“किती वर्षांनी?”

“नऊ… दहा असतील.”

“काय केलंस तिथे?”

“रांग लावली. मावा केक घेतले. फोटो काढला.” मग जरा थांबून, “डोळ्यांत पाणी आलं गं.”

“आणि मग मेरवान पुन्हा उघडलं. डागडुजी झाली आणि उघडलं. त्यानंतर किती वेळा गेलास?”

मामाने खारीचा पापुद्रा टेबलावरून बोटाने गोळा केला. सांगितलं नाही. मीसुद्धा त्या रांगेत होतो आणि मीसुद्धा नंतर गेलो नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

मावशीचं हॉटेल 2006 साली सुरू झालं. थालीपीठ, मिसळ, साबुदाणा वडा, दुपारी मोजक्या थाळ्या. तिची सासू होळीच्या आधीच्या आठवड्यात रोज शंभर पुरणपोळ्या लाटायची, आणि त्या मजुरीचा हिशेब रोजमेळात कुठेच नाही, हे मावशी स्वतः सांगते. गॅसचा सिलिंडर, गुमास्ता, आरोग्य खात्याचं लायसन, अग्निशमनाचा दाखला, दर अकरा महिन्यांनी नवा भाडेकरार. तिला गोठलेलं भाडं कधी मिळालंच नाही. प्रत्येक करारात दहा टक्के वाढ. मग घरपोच अ‍ॅपवाले आले आणि बिलातला जवळजवळ पाव हिस्सा तिकडे जायला लागला. रोज सकाळी आठ ते दहा सहा निवृत्त गृहस्थ कोपऱ्यातलं टेबल धरून बसत. एक पोहे दोघांत, चहा अर्धा-अर्धा, तीन वर्तमानपत्रं आणि जगाचं राजकारण.

“चांगले होते,” ती म्हणाली. “टाळेबंदीत फोन करून विचारायचे, कशा आहात. पण 2021 ला बंद केलं ना, त्यातल्या एकाने सगळ्यांना लांबलचक मेसेज पाठवला. आमचं दुसरं घर पडलं, मराठी माणसाला धंदा टिकवता येत नाही, वगैरे. उधारी त्याचीच सगळ्यात जास्त.”

“त्याला वाईट वाटलं असेल.”

“मला त्याचाच राग आला. पडलं नाही रे. शेवटच्या वर्षीही महिन्याला चार पैसे सुटत होते. माझे गुडघे गेले होते. मुलगा पुण्यात, त्याला यात यायचं नव्हतं, आणि त्याने यावं असं मलाही वाटत नव्हतं. मी ठरवून, माणसांचा हिशेब चुकता करून, भांडी आश्रमशाळेला देऊन कुलूप लावलं. बँकेतून निवृत्त झाले तेव्हा तुम्ही हार घातला, पेढे वाटले. हॉटेलातून निवृत्त झाले तर सुतकाला यावं तसे आलात. तू पण.”

मामाच्या चेहऱ्यावर तो दिवस दिसला. तो खरंच पांढरा शर्ट घालून गेला होता.

मला वाटलं, संपलं आता, मावशी जिंकली. पण मामाने कप बाजूला सारला. आवाज खाली आणला.

“तुला माझ्याबरोबरचा तो साताऱ्याकडचा कंपोझिटर आठवतो? घरी यायचा गणपतीला.”

“आठवतो की.”

“त्याच्या गावात चहाच्या टपरीवर त्याचा कप वेगळा. बाहेर खिळ्याला टांगलेला. प्यायचा, स्वतः विसळायचा, पुन्हा टांगायचा. गिरगावात खानावळींच्या पाट्यांवरसुद्धा जाती असायच्या, तो काळ फार लांबचा नव्हता. मुंबईत आल्यावर पहिल्यांदा तो बस्तानीत आला तेव्हा आत आल्यावर उभाच राहिला. मी म्हटलं, बस की. तो म्हणाला, कप कुठून घेऊ? पोऱ्याने तेवढ्यात दोन चहा आपटले टेबलावर. सारखे कप. तो किती तरी वेळ नुसता कपाकडे बघत बसला. म्हणून आम्ही दोन तास बसायचो गं. मला घरी जायची घाई नसायची असं नाही. त्याला उठायचं नसायचं.”

मावशी काही बोलली नाही. टेबलावरचा संगमरवर तळहाताने पुसला, तो स्वच्छच होता.

“त्या खुर्चीचं भाडं घरमालकाने दिलं असेल, इराण्याने दिलं असेल,” मामा म्हणाला. “पण ती खुर्ची गेली तेव्हा ती एकट्या इराण्याची गेली नाही. त्याने कुलूप लावलं हे खरं. हक्काने लावलं. पण मला वाईट वाटायची सोय तरी ठेव.”

बऱ्याच वेळाने मावशी म्हणाली, “आणि मी? त्या काळात मी एकटी आले असते तर कुठे बसले असते?”

“फॅमिली रूम होती.”

“दरवाजाआड. म्हणजे कप सारखा, पण दार लावून.”

याला मामाकडे उत्तर नव्हतं, आणि त्याने द्यायचा आवही आणला नाही. त्याने आणखी एक ब्रून-मस्का मागवला. मला आठवतं त्याप्रमाणे आई आणि मावशी कधीच एकट्या इराण्याकडे गेल्या नाहीत. मामा पुडक्यात मावा केक आणायचा तो खायच्या.

मी मधेच लंडनच्या डिशूमचा विषय काढला, वातावरण हलकं व्हावं म्हणून. 2010 पासून तिकडे इराण्याची हुबेहूब नक्कल: आरसे, वाकवलेल्या खुर्च्या, पाट्यासुद्धा. बाहेर रांगा. आता इंग्लंड-स्कॉटलंडच्या इतर शहरांतही शाखा आहेत. मामा म्हणाला, नक्कल. मावशी म्हणाली, नक्कल असेल, पण तिथे खुर्चीचे पैसे बिलात धरलेले असतात आणि लोक देतात. मामा म्हणाला, मग साताऱ्याचा कंपोझिटर तिथे बसेल का? मावशी म्हणाली, नाही बसणार. हे तिने इतक्या सहज कबूल केलं की मामा गोंधळला.

“ब्रिटानियाचे बोमन कोहिनूर आठवतात?” तो म्हणाला. “2019 मध्ये गेले, सत्त्याण्णवाव्या वर्षी. शेवटपर्यंत टेबलाटेबलाशी जाऊन गप्पा मारायचे. त्यांना कुणी निवृत्त हो म्हणालं नाही.”

“त्यांना आवडत होतं. मला पंधरा वर्षं आवडलं, मग नाही आवडलं. दोन्ही चालायला हवं ना?”

आता तिचं लक्ष आतल्या बाजूला, भटारखान्याकडे होतं. जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. भट्टी बदलायची म्हणजे नुसता खर्च नाही, ती म्हणाली. विटांची भट्टी रात्रभर उष्णता धरून ठेवते, ब्रूनचं कवच त्या उष्णतेचं. वायूच्या भट्टीत तेच पीठ, तोच कारागीर, पण पाव मऊ पडतो, पुन्हा हात बसवावा लागतो. मामा म्हणाला, म्हणजे ब्रूनसुद्धा बंद पडणार. मावशी म्हणाली, धूर शेजारच्या चाळीतल्या पोरांच्या छातीत जातो, त्याचं काय? मग स्वतःच म्हणाली, “पण ब्रून चांगला असतो भट्टीचा. ते आहेच.”

साडेपाच वाजत आले. ऑफिसं सुटायला लागली होती. दाराशी दोघं-तिघं जागेसाठी उभे होते. मावशीने ते मामाच्या आधी पाहिलं.

“ऊठ.”

“चहा संपू दे.”

“संपलाय. दहा मिनिटं तू कपाच्या कानाशी खेळतोयस. लोक उभे आहेत.”

मामा कुरकुरत उठला. खुर्ची टेबलाखाली सरकवली, ती पुन्हा थोडी बाहेर ओढली, मग सोडून दिली. मी बिल द्यायला गेलो तर मावशी माझ्या आधी गल्ल्याशी पोचलेली. तिने अर्धा किलो खारी बांधायला सांगितली आणि मस्का हल्ली कुठल्या भावाने पडतो, ते विचारलं. गल्ल्यावरच्या माणसाने आधी नुसता आकडा सांगितला. मग वर बघितलं. मग तिने पावाचा विचारला, मैद्याचा विचारला, आणि दोघं असे बोलायला लागले की मागे पैसे घेऊन उभा असलेला मी त्यांना दिसेना.

मामा फुटपाथवर उभा होता, समोरच्या बाजूकडे बघत. त्याने आत डोकावून मला खुणेने विचारलं, काय चाललंय एवढं?

मी हाताने खूण केली, थांब जरा.